चोचीचा अर्धा मिलिमीटर

इक्वेडोरच्या किनाऱ्यापासून सुमारे १००० किलोमीटर पश्चिमेला, गालापागोस द्वीपसमूहात, डॅफ्ने मेजर नावाचे एक लहानसे निर्जन बेट आहे. पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे शास्त्रज्ञ दांपत्य १९७३ मध्ये येथे आले आणि पुढची चार दशके येतच राहिले. फिंच हा चिमणीसारखा, बिया खाणारा लहान पक्षी जाळ्यात धरायचा, त्याच्या चोचीची लांबी, रुंदी आणि जाडी मोजायची, पायात रंगीत कडी घालायची आणि त्याला सोडून द्यायचे, हा त्यांचा क्रम होता. त्यामुळे बेटावरचा जवळजवळ प्रत्येक फिंच त्यांना ओळखता येऊ लागला, आणि या चिकाटीमुळेच पुढे जे घडले त्याची नोंद होऊ शकली.

१९७७ मध्ये पाऊस पडला तो अवघा २४ मिलिमीटर. झाडोरा वाळला, बारीक मऊ बिया पाहता पाहता संपल्या आणि उरली ती प्रामुख्याने काटेरी, टणक कवचाची फळे. आपल्या माळरानावर अनवाणी पायात रुतणारा सराटा याच कुळातला आहे, तेव्हा ते फळ फोडणे किती कठीण असेल याची कल्पना आपल्याला करता येईल. जाड चोचीच्या पक्ष्यांना ते फोडता येई. बारीक चोचीचे पक्षी उपाशी राहिले. मध्यम भूफिंच या जातीचे शंभरातील सुमारे ८५ पक्षी नाहीसे झाले.

जे तगले त्यांची चोच सरासरीने सुमारे अर्धा मिलिमीटर अधिक जाड होती. येथे एक गैरसमज आवर्जून दूर केला पाहिजे: गरज पडली म्हणून कोणत्याही पक्ष्याची चोच वाढली नाही. दुष्काळापूर्वीच त्या थव्यांत जाड आणि बारीक अशा दोन्ही चोची होत्या. दुष्काळाने फक्त कोण जगणार आणि कोणाची पिले होणार, एवढेच ठरवले. चोचीची जाडी मोठ्या प्रमाणात आईबापांकडून पिलांकडे येते, हे त्याच बेटावरील मोजमापांतून दिसले होते. म्हणून १९७८ मध्ये जन्मलेली पिढीही जाड चोचीचीच निघाली. बदलला तो एकेक पक्षी नव्हे, तर समूहाची सरासरी.

मात्र जाड चोच ही सदासर्वकाळ श्रेष्ठ ठरली नाही. १९८२-८३ च्या एल निनोमध्ये, म्हणजे प्रशांत महासागराचे पाणी नेहमीपेक्षा तापले तेव्हा, याच बेटावर १३०० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, वेली माजल्या आणि पुढे बारीक बियांचीच रेलचेल झाली. त्यानंतरच्या कोरड्या काळात लहान चोचीचे पक्षी अधिक संख्येने तगले.

त्याच सुमारास मोठा भूफिंच ही आणखी एक जाती बेटावर स्थायिक झाली. २००३ नंतर पुन्हा अवर्षण आले, तेव्हा काटेरी फळांवर या बलदंड पाहुण्यांनी ताबा मिळवला. १९७७ मध्ये ज्या जाड चोचीने मध्यम भूफिंचांना तारले होते, तीच चोच असलेले पक्षी आता मोठ्या संख्येने मेले, आणि त्यांची सरासरी चोच लहान झाली.