रिकाम्या शुक्रवारचा हिशेब

क्रोएशियातील एका किराणा दुकानाची २०२३ सालची पावती डोळ्यांसमोर आणा. तळाशी एकूण रक्कम दोनदा छापलेली दिसते: एकदा युरोमध्ये, आणि खाली १ युरोला ७.५३४५० कुना या ठरवून दिलेल्या दराने जुन्या चलनात. कुना हे मुंगसाच्या अंगलटीच्या एका प्राण्याचे नाव. मध्ययुगात तिथे त्याच्या कातड्यांनी कर भरला जात असे. १ जानेवारी २०२३ रोजी हे चलन जाऊन युरो आला, आणि चलनबदलाच्या आडून कोणी भाव वाढवू नये म्हणून त्या वर्षाच्या अखेरपर्यंत दोन्ही किमती दाखवणे दुकानांना सक्तीचे होते.

पावतीवरची दुसरी ओळ पुढे नाहीशी झाली, भाव मात्र चढतच राहिले. डिसेंबर २०२४ मध्ये क्रोएशियाचा वार्षिक महागाई दर ४.५ टक्के, म्हणजे युरो वापरणाऱ्या देशांत सर्वाधिक होता. त्यातही लोकांना सलत होती ती तुलना: त्याच परदेशी साखळीच्या दुकानात तीच वस्तू शेजारच्या देशात स्वस्त मिळते, ही तक्रार सीमेपलीकडे इटलीतील त्रिएस्तला जाऊन पिशव्या भरून आणणाऱ्यांना कोणी शिकवण्याची गरज नव्हती.

'हॅलो, इन्स्पेक्टर' या ग्राहकगटाने २४ जानेवारी २०२५ या शुक्रवारी कोणीही काहीही विकत घेऊ नये, असे आवाहन केले. २०२३ च्या जुलैपासून दुकानांना वर्षातून फक्त १६ रविवार उघडे राहण्याची मुभा असल्याने आठवड्याची मोठी खरेदी शुक्रवार-शनिवारकडे सरकली होती, हे लक्षात घेतले म्हणजे त्या दिवशीच्या मोकळ्या वाहनतळांचा अर्थ कळतो.

एरवी बहिष्कार किती यशस्वी झाला यावर दोन्ही बाजू आपापले आकडे सांगतात. इथे तशी सोय नव्हती. २०१३ पासून क्रोएशियातील दुकानाची पावती फाडली जाते त्याच क्षणी तिची नोंद करखात्याच्या संगणकावर होते. त्यामुळे ग्राहक दुकानात गेले की नाहीत, हे सरकारच सांगू शकले: आधीच्या शुक्रवारच्या तुलनेत पावत्या सुमारे ४४ टक्क्यांनी आणि उलाढाल सुमारे ५३ टक्क्यांनी घटली होती.

यावर आक्षेप उघड आहे. शुक्रवारी न घेतलेले दूध शनिवारी घ्यावेच लागते, आणि धूर्त गिऱ्हाईक ते गुरुवारीच आणून ठेवते. एका दिवसाच्या उपासाने कोणत्याही साखळीचे दिवाळे निघत नाही. पुढच्या आठवड्यात निवडक साखळ्यांवर आठवडाभराचा बहिष्कार आला आणि शीतपेये, बाटलीबंद पाणी व कपडे धुण्याची पावडर यांची नावे यादीत घातली गेली, ती बहुधा याच जाणिवेतून. ३१ जानेवारीला सर्बिया, बोस्निया, माँटेनेग्रो आणि उत्तर मॅसिडोनियातही दुकानांकडे पाठ फिरवली गेली.

सगळ्यात गमतीची भूमिका क्रोएशियाच्या सरकारची होती. मंत्र्यांनी बहिष्काराला उघड पाठिंबा दिला. ज्या शीतपेयांवर आणि पावडरीवर रोष होता, त्यांच्या किमतीत २५ टक्क्यांचा मूल्यवर्धित कर याच सरकारचा असतो, हे त्या पाठिंब्यात कोणी मोठ्याने म्हटले नाही. दुकानदाराकडे वळलेला राग सत्ताधाऱ्यांना नेहमीच परवडतो.

तरीही त्या रिकाम्या शुक्रवारचा निरोप सरकारलाही पोचला होता. कमाल किंमत ठरवून दिलेल्या वस्तूंची यादी २०२२ च्या सप्टेंबरात तेल, साखर, पीठ, दूध अशा ९ वस्तूंनी सुरू झाली होती आणि नंतर ३० वर गेली होती; बहिष्कारानंतर आठवड्याभरात ती ७० वर नेण्याचा निर्णय झाला. मोठ्या दुकानाच्या मांडण्यांवर मात्र वस्तू हजारोंनी असतात, आणि बाकीच्यांच्या किमतीचे लेबल अजूनही दुकानदारच लिहितो.