मानशीच्या आतलं प्रेत

मगाशी ओळख करून देताना सर म्हणाले की रहस्यकादंबरी लिहिणं म्हणजे डोक्याला ताप. ताप आहेच हो, पण मजा कुठे येते ते सांगतो. लोकांना वाटतं खुनी कोण ते आपल्याला एकट्यालाच माहीत, त्यात मजा. ती थोडीशीच. पुरावा वाचकाच्या नाकासमोर ठेवायचा आणि त्याला भलतीकडेच बघायला लावायचं, यात जी आहे ना, ती वेगळीच.

माझ्या कादंबरीतलं गाव गोव्यातल्या दिवाडीसारखं, बेट, पूल नाही, शेवटची फेरीबोट गेली की आतला आत नि बाहेरचा बाहेर. आधी ठरवलं, भाटकार, म्हणजे गावचा जमीनदार, सगळी इस्टेट पुतण्याला देणार म्हणून मुलगा बापाला मारतो. वकील मित्र हसायलाच लागला. गोव्यात राहतोस ना रे, म्हणाला, इथे बापाला आपल्या वाट्यातलं अर्धंच मृत्युपत्रानं हवं तसं देता येतं, उरलेलं अर्धं मुलांचं. झालं, तीन चॅप्टर कचऱ्यात.

मग एकदा खाजनात गेलो, म्हणजे नदीकाठच्या बांध घातलेल्या शेतांत. मानस तुम्हाला माहीत असेलच, पण फ्लॅटमध्ये वाढलेल्यांसाठी सांगतो, बांधातली लाकडी दारं ती, भरतीला नदीचं पाणी बाहेरून रेटतं की मिटतात, ओहोटीला आतलं पाणी रेटतं की उघडतात, खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून, वीज नाही, मोटर नाही, काही नाही. ते बघत उभा असतानाच मला प्रेत दिसलं! म्हणजे डोक्यात. खुनी सांगतो, माणूस फेरीवरून नदीत पडला. पण प्रेत सापडतं दाराच्या आतल्या बाजूला. नदीतून येईल कसं? दार कसं मिटतं ते मी दुसऱ्याच चॅप्टरमध्ये सगळं लिहून टाकलं, फक्त तेव्हा हवालदार जाळ्यातली सुंगटं, म्हणजे कोळंबी, मोजत असतो आणि त्याच्याबरोबर वाचकही सुंगटंच मोजतो. काय खूश होतो मी त्या दिवशी.

शेजारच्या आजोबांना वाचून दाखवलं, जन्मभर खाजन कसलेला माणूस. शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "बाबा, दार कोणें उक्तें दवरलें जाल्यार?" म्हणजे, दार कुणी उघडं ठेवलं असलं तर? मासळी आत यावी म्हणून लोक भरतीला मुद्दाम दार उघडं ठेवतात, त्यावरून शेतकऱ्यांची भांडणं होतात, हे मला कुठे ठाऊक! तीन आठवडे एक ओळ लिहिली नाही.

आणि मग एका रात्री लक्षात आलं, अरे, हेच तर पाहिजे. मानशीतल्या मासेमारीची पावणी, म्हणजे लिलाव, होते. त्या रात्री दार उघडं होतं की बंद, हे पावणी घेतलेल्यालाच माहीत, आणि खरं बोलला तर शेतं बुडवल्याबद्दल गाव त्यालाच धरणार. साक्षीदार आपणहून गप्प! असं स्वतःला सुचलं नसतं कधी.

हल्ली आजोबा भेटले की खुनी कोण विचारतात. परवा वाटाभर सुंगटं घेऊन आले होते. सुंगटं घेतली, नाव नाही सांगितलं.