जिन्याखालचा फळा

नमस्कार श्रोतेहो. मी कराडहून बोलतेय. चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं आणि निवृत्त झाले. पहिल्या महिन्यात सगळ्यात जास्त आठवण कशाची आली असेल, तर खडूची. मग आमच्या इमारतीच्या जिन्याखाली, मीटरच्या पेट्यांशेजारी एक छोटा फळा टांगला. सकाळी साडेसहाला त्यावर एक प्रश्न लिहायचा आणि दिवेलागणीला उत्तर. प्रश्नाखाली जागा उरायची, तिथे मनातलं काहीतरी लिहू लागले. ‘आज मेथीत माती फार निघाली.’ ‘गुडघा म्हणतोय, पाऊस येणार.’ असंच काहीबाही.

एकदा वर प्रश्न होता, महाराष्ट्राचं राज्यफूल कोणतं? खाली लिहिलं होतं, ‘आईला जाऊन आज बारा वर्षं झाली. तिचे भोपळ्याचे घारगे आठवतात.’ संध्याकाळी ‘ताम्हण’ असं उत्तर लिहायला खाली उतरले, तर दुसऱ्या मजल्यावरच्या काकू डबा घेऊन उभ्या. डब्यात घारगे होते, अजून गरम. त्या दिवशी कळलं की लोक फळा खालपर्यंत वाचतात. आणि फाटकापाशी दर उन्हाळ्यात जांभळं फुलणारं झाड ताम्हणाचंच आहे, हे आमच्या अर्ध्या इमारतीला त्याच दिवशी कळलं. रोज त्याच्याखाली गाड्या लावतो आपण!

माझं चुकतंही. ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक पदक मिळवणारे पहिले भारतीय कोण, असं विचारलं आणि खाशाबा जाधव असं उत्तर लिहिलं. खाशाबा आमच्या शेजारच्या गोळेश्वरचे. 1952 साली हेलसिंकीला त्यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवलं. त्यांच्या जाण्याच्या खर्चासाठी लोकांनी वर्गणी काढली होती. ते परतले तेव्हा शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. हे सांगताना आजही माझा ऊर भरून येतो. पण तिसऱ्या मजल्यावरचा कॉलेजातला मुलगा म्हणाला, “बाई, ‘स्वतंत्र भारताचे’ पहिले म्हणा. 1900 साली पॅरिसला नॉर्मन प्रिचर्ड यांना धावण्यात दोन रौप्यपदकं मिळाली होती, ती भारताच्या नावावर धरतात.” त्याचं बरोबर होतं. मी त्याच्याच हातात खडू दिला. त्याचं अक्षर दोन दिवस पुसलं नाही.

पण आज मला बोलायचंय ते 11 डिसेंबरच्या प्रश्नाबद्दल. मी लिहिलं होतं, ‘1967 साली आजच्या तारखेला पहाटे 4 वाजून 21 मिनिटांनी काय झालं?’ आमच्या भागातल्या कुणालाही उत्तर यावं, कोयनेचा भूकंप. संध्याकाळसाठी आकडे काढून ठेवले होते. कोयनानगर उद्ध्वस्त झालं, दीडशेहून अधिक माणसं गेली.

आमच्याकडे रतीब घालणारे मामा पाटण तालुक्यातले. एरवी ते फळ्याकडे बघत नाहीत, घाईत असतात. त्या दिवशी हातातली किटली न ठेवताच उभे राहिले. म्हणाले, “बाई, आई जात्यावर बसली होती तेव्हा. मी सहा वर्षांचा. तिनं मला घोंगडीसकट उचललं आणि अंगणात टाकलं. मागं वळून बघितलं तर घराची भिंत नव्हती.” मग थोडं थांबून म्हणाले, “जात्याभोवती पीठ सांडलेलं, ते तसंच. त्यावर माती पडली. सकाळी आई त्या पिठाकडंच बघत बसली होती.” पुढे कित्येक रात्री सगळं गाव उघड्यावर झोपलं, डिसेंबरच्या थंडीत.

दूध घ्यायला आलेले चारजण जिन्यातच थबकले होते. कुणाला घरी जायची घाई नव्हती. संध्याकाळी मी काढून ठेवलेले आकडे लिहिले नाहीत. उत्तर म्हणून मामांचंच बोलणं लिहिलं, जात्यासकट आणि पिठासकट. शाळेत हा धडा मी कितीदा शिकवला असेन. मुलं सन पाठ करायची, मी गुण द्यायचे. पण ज्याच्या घरात तो सन घडला तो माणूस मला रोज अर्धा लिटर दूध देत होता आणि मी त्याला कधी काही विचारलं नव्हतं.

आता मामा रोज फळा वाचतात. काल जाता जाता म्हणाले, “बाई, एक प्रश्न मी देऊ?” त्यांच्या मावशीचं गाव कोयना धरणात गेलं. त्या धरणाचा शिवसागर जलाशय भरला की आपण 105 टीएमसी म्हणतो, आनंद करतो, वीज येते, शेती पिकते. मामांना विचारायचंय, त्या पाण्याखाली गेलेल्या गावांची नावं कुणाकुणाला सांगता येतात?

उद्या सकाळी तोच प्रश्न लिहिणार आहे. खाली माझं काही लिहिणार नाही, फळा नावांसाठी मोकळा ठेवतेय. श्रोतेहो, तुमच्या घरात कुणाला एखादं नाव आठवत असेल, तर आज रात्री जेवताना त्यांना विचारा.