‘चुकून’ मारलेला माणूस

ॲरिझोना राज्यातलं मेसा शहर. सप्टेंबर अर्धा सरला तरी इथलं ऊन भाजून काढतं. हा पेट्रोल पंप. १५ सप्टेंबर २००१ ला पंपाचे मालक बलबीर सिंग सोढी इथेच, समोरच्या मातीत, माळ्याला हाताशी घेऊन फुलझाडं लावत होते. वय ५२. डोक्याला पगडी, लांब दाढी. न्यूयॉर्कचे मनोरे पडून चार दिवस झाले होते. पंपावर अमेरिकेचे झेंडे लावायचे म्हणून सोढी त्याच दिवशी बाजारात जाऊन आले होते. तिथे ११ सप्टेंबरच्या पीडितांसाठी मदत गोळा करत होते, त्यात पाकिटातले होते नव्हते ते ७५ डॉलर टाकून परतले होते.

एक पिकअप येऊन थांबला. पाच गोळ्या झाल्या आणि निघूनही गेला.

चालवणाऱ्याचं नाव फ्रँक रोक. विमानांचा मेकॅनिक. तिथून तो दुसऱ्या पंपावर गेला आणि लेबनीज वंशाच्या कर्मचाऱ्यावर गोळ्या झाडल्या. मग एका अफगाण कुटुंबाच्या घरावर. सुदैवाने तिथे कुणाला लागलं नाही. पोलिसांनी पकडलं तेव्हा तो ओरडत होता, ‘मी देशभक्त आहे.’

टीव्हीवर त्या आठवड्यात रात्रंदिवस एकच चेहरा दाखवत होते, ओसामा बिन लादेनचा. पगडी आणि दाढी. रोकला तेवढं पुरलं.

सोढींची बातमी सांगताना हमखास एक शब्द येतो: ‘गैरसमजातून’. शीख माणसाला मुसलमान समजून मारलं. या निवेदनाच्या पहिल्या खर्ड्यात मीही तसंच लिहिलं होतं. नंतर खोडलं. कारण गैरसमज म्हटला की खरा समजही कुठेतरी असावा लागतो. म्हणजे बरोबर माणूस सापडला असता, तर ते चाललं असतं?

तो ‘बरोबर’ माणूसही त्याच दिवशी मेला. टेक्सासमधल्या डॅलसला, स्वतःच्या किराणा दुकानात. वकार हसन. पाकिस्तानातून आलेला, मुसलमान. मनोऱ्यांशी त्याचा जेवढा संबंध होता, तेवढाच सोढींचा. मारेकरी मार्क स्ट्रोमन. त्यानं काही दिवसांनी बांगलादेशी रईस भुइयाँच्या तोंडावर गोळी झाडली. रईस वाचला, पण एका डोळ्याची दृष्टी गेली. मग ४ ऑक्टोबरला वासुदेव पटेल. हे गुजराती, हिंदू, पंपचालक. एकाच माणसाच्या बंदुकीपुढे तीन देश आणि दोन धर्म एका रांगेत आले.

एफबीआयच्या नोंदीत २००० साली मुस्लिमविरोधी गुन्ह्यांच्या घटना होत्या २८. २००१ मध्ये ४८१. ज्यांनी पोलिसांत जायचं टाळलं, ते यात नाहीतच.

‘आम्ही त्यातले नाही’ हे सांगून सुटता येतं, असं आपल्यालाही वाटतं. १९८७ साली न्यू जर्सीतल्या जर्सी सिटीत एका टोळक्यानं ‘डॉटबस्टर्स’ नाव घेऊन भारतीयांना हाकलून लावायच्या धमक्या दिल्या होत्या. डॉट म्हणजे बायकांच्या कपाळावरची टिकली. त्याच सप्टेंबरात शेजारच्या होबोकेनमध्ये पोरांच्या घोळक्यानं नवरोज मोदींना बेदम मारलं. सोबतच्या गोऱ्या मित्राला ओरखडाही नाही. चार दिवसांनी मोदी गेले. ते पारशी होते. कपाळ कोरं.

रोकला २००३ मध्ये फाशीची शिक्षा झाली, २००६ मध्ये ती जन्मठेपेवर आली. पंधरा वर्षांनी, २०१६ च्या सप्टेंबरात, बलबीर यांचे धाकटे भाऊ राणा यांनी त्याला तुरुंगात फोन लावला. रोक आधी गोलगोल बोलला. तुमच्या भावाचं जे झालं त्याचं वाईट वाटतं, पण ११ सप्टेंबरला मेलेल्यांचंही वाटतं. ‘झालं’. जणू पाऊस झाला. राणांनी फोन ठेवला नाही. ते ऐकत राहिले. मग केव्हातरी ‘मी केलं’ आलं. देवापुढे उभा राहीन तेव्हा तुमच्या भावाला भेटून माफी मागेन, असं तो म्हणाला. राणा म्हणाले, आम्ही केव्हाच माफ केलंय. २०२२ मध्ये रोक तुरुंगातच मेला.

आता फिनिक्स. राज्याच्या विधिमंडळासमोरचा हा चौक आणि ११ सप्टेंबरचं हे स्मारक. धातूचं मोठं कडं, त्यात कोरून आरपार काढलेली अक्षरं. त्यात एका ओळीत सोढींचं नाव आहे. हा माणूस त्या हल्ल्याचा बळी नाही, सबब ही ओळ काढा, असं विधेयक २०११ मध्ये इथल्या विधिमंडळानं चक्क मंजूर केलं होतं. दहा वर्षांनी, आणि खुनी शिक्षा भोगत असताना! गव्हर्नर जॅन ब्रूअर यांनी ते नाकारलं, म्हणून ओळ राहिली.

कॅमेरा जरा खाली घेऊ. कड्यातून आलेलं ऊन फरशीवर पडलंय आणि त्यात अक्षरं उमटलीत. सूर्य सरकेल तशी तीही सरकतात. थोडं थांबलं की वाचता येतात.