टरफलं मोजणारी माणसं

(दृश्य: मोरजी, तेंबवाडा. सकाळची वेळ. जाळीचं कुंपण घातलेली वाळू.)

मार्चमधली सकाळ. एक विद्यार्थिनी वाळूत कोपरापर्यंत हात घालून बसलीय. कासवाच्या घरट्यातली पिल्लं समुद्रात निघून गेली. मागे काय उरलं, ते उकरून बघायचं काम तिच्याकडे आहे. कुजलेल्या अंड्यांचा वास असा, की सकाळचा चहा वर यावा.

तिनं तीन ढीग केलेत. रिकामी टरफलं, न उबलेली अंडी आणि टरफलातच मेलेली पिल्लं. खरी मेख टरफलांत आहे. ती चामड्यासारखी मऊ असतात आणि वेडीवाकडी फाटतात. अर्ध्याहून मोठा तुकडा असला तर एक अंडं धरायचं, लहान असला तर सोडून द्यायचं. पुस्तकात ही एक ओळ असते. हातात घेतल्यावर मात्र दर तुकड्याला वाद. शेजारी उकिडवे बसलेले कासव-छावणीवरचे काका म्हणतात, "बाय, तो नको धरू. त्याचा जोडीदार मघाशीच मोजलास."

नव्या संशोधकाला सगळ्यात आधी लागतं ते हे, शेजारी बसणारं माणूस. बाकी सगळं त्यानंतर.

(दृश्य: किनाऱ्यांची नावं नकाशावर एकेक करून उमटतात.)

मोरजी आणि मांद्रे गोव्यातल्या पेडणे तालुक्यात, आगोंद आणि गालजीबाग काणकोणात. 2011च्या किनारी नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेत कासवांचे किनारे म्हणून ही चार नावं आहेत. इथं येतं ते मुख्यतः ऑलिव्ह रिडले जातीचं कासव. ओडिशात गहिरमाथ्याला हजारोंनी माद्या एकाच वेळी वर येतात. गोव्यात एकेकटी येते, रात्रीची, शंभरेक अंडी घालते आणि उजाडायच्या आत परत जाते. म्हणून इथल्या अभ्यासकाला चिकाटी जरा जास्तच लागते. कितीतरी रात्री चालून हाती काही लागत नाही, आणि प्रबंधाच्या प्रस्तावात त्या रात्रींसाठी रकाना नसतो.

पण पाय दुखण्यापेक्षा जास्त छळतं ते कॅलेंडर. अंडी घालण्याचा हंगाम साधारण नोव्हेंबरपासून, पिल्लं निघून संपेपर्यंत मे उजाडतो. एम.एस्सी.च्या मुलीला असा एकच हंगाम मिळतो. कासव 1972च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे मुख्य वन्यजीव रक्षकांच्या परवानगीशिवाय ना अंड्याला हात लावता येत, ना पिल्लाला. हा नियम हवाच. मात्र विषय ठरला, मार्गदर्शकाची सही झाली, विद्यापीठाचं पत्र निघालं, असं करता करता जानेवारी येतो. हे आधी सांगणारी एखादी ताई असेल तर वर्ष वाचतं.

(दृश्य: रिकामा किनारा, कॅमेरा पायांच्या उंचीवर.)

आपल्याकडे या कामाची वाट पाडली सतीश भास्कर यांनी. सत्तर-ऐंशीच्या दशकांत त्यांनी देशाचा किनारा पायी तुडवला, चार हजार किलोमीटरच्या आसपास. 1982च्या पावसाळ्यात लक्षद्वीपच्या सुहेली बेटावर ते कासवं मोजत एकटे राहिले. तिथून बाटलीत घालून समुद्रात सोडलेली चिठ्ठी श्रीलंकेतल्या एका मच्छीमाराला सापडली आणि त्यानं ती त्यांच्या पत्नीला पोस्टानं धाडली. नंतर ते गोव्यातच राहिले. 2023 साली वारले. असा एकांडा माणूस शतकात एखादा. आजच्या मुलांकडून तीच अपेक्षा धरणं मला तरी अन्यायाचं वाटतं.

त्यातून आताचे प्रश्न एकट्याने सुटणारे नाहीत. वाळू तापली तर माद्या जास्त निपजतात, गार राहिली तर नर. मग उबवणी केंद्रातली वाळू किती तापते, हे वर्षानुवर्षं नोंदायला हवं. किनाऱ्यावरच्या शॅकच्या दिव्यांकडे पिल्लं कुठून वळतात? पावसाळ्यात किनाऱ्याला लागलेल्या मेलेल्या कासवांच्या अंगावर जाळ्याचे वळ आहेत का? त्या मोसमात तर अभ्यासक घरी असतात, किनाऱ्यावर असतो तो रापणकार, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणारा मच्छीमार. त्याचा फोन यायचा, तर त्याच्याशी ओळख आधीची हवी.

ओळखीनं काय होतं, ते गुहागरात दिसलं. जानेवारी 2025 मध्ये तिथं अंडी घालायला आलेल्या मादीच्या पुढच्या वल्ह्यासारख्या पायावर धातूचा बिल्ला सापडला. तो 2021 साली ओडिशात लावलेला होता! पूर्व किनाऱ्यावरच्या मादीनं पश्चिमेला येऊन घरटं केलं, हे कळलं ते बिल्ला वाचून कळवणाऱ्यांमुळे.

पैशाचं म्हणाल, तर होतकरूंसाठी रफर्डसारख्या संस्थांचे छोटे निधी आहेत, जागतिक कासव परिषदेला जायला प्रवासखर्चही मिळू शकतो. अर्ज इंग्रजीत लिहायचा असतो. पेडण्या-काणकोणातली मराठी-कोंकणीत विचार करणारी हुशार मुलं तिथंच बिचकतात. तो मसुदा कुणीतरी एका संध्याकाळी बसून तपासून द्यावा, एवढीच मदत पुष्कळ वेळा पुरते.

(दृश्य: वही. रकाने: तारीख, घरटं, टरफलं, न उबलेली, मेलेली.)

मोरजीच्या मुलीचा तक्ता तयार झालाय. छावणीवरच्या काकांचं नाव तिनं आभारांत नव्हे, शोधनिबंधाच्या लेखकांत घालायचं ठरवलंय. मार्गदर्शकांशी त्यावर अजून बोलणं चालू आहे. धाकट्या वर्गातला एकजण पुढच्या हंगामात आगोंदला जाणार आहे. त्याला तिनं बजावलंय, परवानगीचा अर्ज जूनमध्येच टाक, गणपतीपर्यंत थांबू नकोस.