मृत्युपत्र न करता गेलेला माणूस

ब्रिटिश काळातील मुंबईत वारलेल्या पूर्वजाचा शोध घेताना त्याच्या मृत्यूचे साल आधी पक्के करावे लागते, कारण मृत्युपत्राचे व मालमत्तेचे कागद कोणत्या न्यायालयाच्या दफ्तरात असतील हे त्यावरच अवलंबून असते. १७२८ मध्ये मेयर कोर्ट सुरू झाले, १७९८ मध्ये रेकॉर्डर कोर्ट, त्यानंतर सुप्रीम कोर्ट आणि १८६२ मध्ये उच्च न्यायालय. मात्र प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचे न्यायालयाचे प्रमाणपत्र, मृत्यूनंतर लगेच मिळालेले असतेच असे नाही; वारसांना मालमत्ता नावावर करून घेण्याची निकड भासेपर्यंत कधीकधी वर्षे लोटत, त्यामुळे पुढील सालांच्या सूचीही चाळाव्या लागतात.

ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीतील युरोपियनांच्या मृत्युपत्रांच्या आणि मालमत्तेच्या याद्यांच्या नकला लंडनला जात. आज त्या ब्रिटिश लायब्ररीत पाहता येतात. या याद्या मृत्युपत्रापेक्षा बोलक्या असतात. घोडा, पालखी, चांदीची भांडी, वापरलेले कपडे, मद्याच्या बाटल्या असे सारे त्यांत मोजलेले असते, आणि लिलाव झाला असेल तर कोणती वस्तू कोणी किती रुपयांना घेतली हेही काही ठिकाणी लिहिलेले सापडते. सोबत राहणाऱ्या भारतीय स्त्रीला मात्र पुष्कळदा केवळ एका नावावर भागवलेले दिसते, आणि तिचे कूळ किंवा गाव लिहिण्याची गरज कोणाला वाटलेली नसते.

हिंदू कुटुंबांची गोष्ट निराळी. एकत्र कुटुंबातील वडिलोपार्जित हिस्सा मृत्युपत्राने देता येत नसे, म्हणून गावाकडच्या वाड्याचा उल्लेख तेथे शोधणे बहुधा व्यर्थच. जे काही सापडते ते स्वकष्टार्जित मालमत्तेविषयी. १८७० च्या हिंदू विल्स ॲक्टनंतर मुंबई शहरात केलेल्या मृत्युपत्राला लेखी रूप आणि दोन साक्षीदार आवश्यक झाले. त्यापूर्वी तोंडी मृत्युपत्रही ग्राह्य धरले जाई, आणि त्याचा कागद मिळण्याची आशा अर्थातच कमी.

तरीही आमच्या मते वंशावळ जुळवणाऱ्याला खरा लाभ होतो तो मृत्युपत्र न करता गेलेल्या माणसाकडून. त्याच्या मालमत्तेसाठी लेटर्स ऑफ ॲडमिनिस्ट्रेशन, म्हणजे तिची व्यवस्था पाहण्याचे न्यायालयाचे अधिकारपत्र, मागणाऱ्या अर्जात मृत्यूची वेळ व ठिकाण, कुटुंबीय किंवा अन्य नातेवाईक, त्यांचे राहण्याचे पत्ते आणि अर्जदाराचा हक्क कोणत्या नात्याने, हे सांगणे कायद्याने बंधनकारक होते. मृत्युपत्र करणारा नावडत्या भावाला सहज वगळू शकतो. अर्जदाराला तशी मोकळीक नसे. छापील कुलवृत्तांतात पुरुषांचीच शाखा पुढे सरकते, आणि लग्न होऊन गेलेली मुलगी तेथे हरवते. अशा मुलीचे नाव आणि सासरचा पत्ता शोधायचा असेल, तर हा अर्ज आधी मागवावा.