बुडखा काढायचाय? मग खोड राखा

श्रोतेहो, नमस्कार.

३ जून २०२०ची दुपार आमच्या श्रीवर्धन तालुक्यात कोणी विसरलेलं नाही. निसर्ग चक्रीवादळ आमच्याच किनाऱ्यावर चढलं आणि चार-पाच तासांत वाड्या आडव्या झाल्या. पोफळी तर काड्यांसारख्या मोडल्या. पडलेली झाडं कशी तोडली, रस्ते कसे मोकळे केले, यावर तेव्हा पुष्कळ बोलून झालं. झाड गेलं तरी जमिनीत जे राहिलं, त्या बुडख्यांबद्दल मात्र फारसं कोणी बोललं नाही. आज त्यांच्याबद्दल सांगतो, आणि आधी माझी स्वतःची चूक सांगतो.

आमच्या मागच्या पडवीपासून वीसेक फुटांवर रायवळ आंबा होता. वादळात तो मध्येच पिळवटून मोडला. झाडं तोडणाऱ्या गड्यांनी उरलेलं खोड अगदी जमिनीसरशी कापून दिलं. वर पाट ठेवून जेवायला बसावं इतकं सपाट! आम्ही खूश. दिवाळीनंतर जेसीबी बोलावला. ऑपरेटर विजापूरकडचा, पंचविशीतला पोरगा. खाली उतरला, त्या सपाट चकतीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "काका, हे कापलं कोणी? आता मी धरू कशाला?"

त्याच्या त्या एका प्रश्नात सगळं आलं. बुडखा मशीनच्या नुसत्या ताकदीनं निघत नाही, त्याला तरफ लागते. चार-पाच फूट खोड उभं असलं की आजूबाजूच्या मुळ्या तोडून झाल्यावर वरून एक रेटा द्यायचा, की अख्खा गड्डा मुळासकट कलतो. खोडच नसेल तर मशीनला भोवती खणत, खरवडत, तुकडे उपसत बसावं लागतं. भाडं तासावर असतं आणि यायचा-जायचा वेळही बहुतेक त्यातच धरतात. तासाभराच्या कामाला आमचे साडेचार तास गेले. म्हणून मशीन येणार असेल तर झाड कापणाऱ्याला आधीच बजावा: वरचं सगळं ने, खाली छातीएवढं खोड राहू दे.

बरं, जेसीबी हे खरं तर कंपनीचं नाव. जोसेफ सिरिल बॅमफर्ड या इंग्रज गृहस्थाच्या नावाची आद्याक्षरं. आपण मात्र पुढे फावडं आणि मागे खणायचा हात असलेल्या कुठल्याही पिवळ्या मशीनला जेसीबीच म्हणतो. साखळीच्या पट्ट्यांवर चालणारा तो पोकलेन. तेही मूळ एका फ्रेंच कंपनीचंच नाव. घरगुती कामाला जेसीबी बरा, कारण तो स्वतःच्या चाकांवर येतो. पोकलेनला ट्रेलर लागतो, आणि आमच्या पाखाडीत ट्रेलर शिरायचा म्हणजे दोन्हीकडचे गडगे पाडावे लागतील.

काम करताना त्या पोरानं काय केलं, ते मी पडवीच्या पायरीवर बसून पाहिलं. आधी मागचे दोन पाय जमिनीवर टेकवून त्यानं मशीन उचलून स्थिर केलं. मग बुडख्याला हातही न लावता हातभर लांबून चर खणायला घेतला, तीन बाजूंनी. आडवी मुळी लागली की बकेटचे दात तिच्याखाली घालायचा आणि वर ओढायचा. कड् असा आवाज होऊन मुळी तुटायची. घराकडची बाजू त्यानं शेवटपर्यंत शिवली नाही. ओढ नेहमी घरापासून बाहेर. आमच्याकडे जमीन जांभ्याची. आंब्याच्या मुळ्या जांभ्याच्या भेगांतून शिरतात, आणि मुळी ओढली की तिच्याबरोबर दगडाचा लादा उचलला जातो. तो लादा जोत्याखाली गेलेला असेल तर भिंतीला तडा ठरलेलाच. एक मुळी तशी घराकडे गेली होती. ती त्यानं ओढली नाही, गड्याकडून कुऱ्हाडीनं तोडून घेतली आणि आतला तुकडा तिथेच सोडला.

खणायला लागण्याआधी त्यानं मला विचारलं होतं, "खाली काही पाइप-बिप?" मी नाही म्हणालो. विहिरीवरच्या मोटारीची केबल तिथूनच गेलीय, हे आईला आठवलं. ती आतून ओरडली म्हणून वाचलो. तेव्हा घरातल्या जुन्या माणसाला आधी विचारा: केबल, नळ, शोषखड्डा, बुजवलेली विहीर. सात-साडेसात टनांचं मशीन शोषखड्ड्याच्या झाकणावर गेलं, तर बुडख्याऐवजी मशीनच काढत बसावं लागेल.

उन्मळून पडलेल्या झाडाची गोष्ट निराळी, आणि जास्त धोक्याची. आमचा फणस मुळांसकट उलटला होता. मुळांची मातीभरली भिंत पुरुषभर उंच उभी, शेजारी खड्डा. आडवं खोड करवतीनं कापलं, वजन सुटलं, आणि ती भिंत धप्पकन पुन्हा खड्ड्यात जाऊन बसली. जणू झाड उभंच होतं! दहा मिनिटांपूर्वी त्याच खड्ड्यात शेजारची पोरं खेळत होती. अशा झाडाचं खोड कापताना खड्ड्याच्या अंगाला कोणीही नको. मशीन हाताशी असेल तर त्याच्या बकेटनं मुळांचा गड्डा आधी अडकवून धरावा.

माडाचं काम त्या मानानं सोपं. त्याला सोटमूळ नसतं. बोटाएवढ्या जाडीच्या असंख्य मुळ्यांचा तो झुपका, भोवती चर मारला की कांदा उपटावा तसा येतो. पण सोपं म्हणून टाळू नका. कुजक्या माडाच्या खोडात गेंडा भुंगा अंडी घालतो आणि मग उभ्या माडांचे कोंब पोखरतो. वाडीतला आंब्याचा बुडखा एखादे वेळी राहिला तरी चालेल, माडाचा नको.

काही बुडखे मात्र मुद्दाम ठेवावेत. उतारावरचा, गडग्याच्या अंगचा, विहिरीच्या काठचा. तिथली माती त्या मुळ्यांनीच धरलेली असते. आमचा जांभळाचा बुडखा आम्ही तसाच ठेवलाय. आणि हो, झाड जिवंत असेल तर तोडायच्या आधी परवानगी बघा. आंबा, फणस, चिंच, जांभूळ ही झाडं १९६४च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत, मग ती तुमच्या परसातली का असेनात.

खड्डा भरताना एकदम माती लोटू नका. वीतभर थर, पाणी, धुमसणं, मग पुढचा थर. आम्ही घाई केली आणि पहिल्याच पावसात तिथे तळं झालं. आणखी दोन ट्रॉल्या माती गेली.

शेवटचं म्हणजे, बाहेर काढलेला बुडखा जाणार कुठे, हे मशीन दारात असतानाच ठरवा. मुळ्यांत जांभ्याचे खडे रुतलेले असतात, करवतीचं पातं जातं म्हणून वखारवाला हात लावत नाही. आमचा आंबा अजून गडग्यापाशी उलटा पडलाय, मुळ्या आभाळाकडे करून. वहिनी त्यावर मिरच्यांची सुपं वाळत ठेवते.

नमस्कार.